दारफाळणीचा शनिवार

माझी आत्या आठवड्यातले सहा दिवस माणसांशी बोलायची आणि शनिवारी भिंतीशी. तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं कुणी समजू नये. आमच्या अख्ख्या घरात ठिकाणावर असलेलं डोकं तेवढं एकच होतं. आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं आम्हाला शनिवारतेली असं नाव ठेवलं. पुढे घाणा गेला, कोकण सुटलं, बाबा मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला लागले, कोपरीत पाटलांच्या चाळीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड लागलं, पण शनिवार काही सुटला नाही. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्याकडे विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, शिवायचं नाही, लिहायचं नाही, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणाला 'अमुक कर' असं सांगायचंही नाही, कारण आपलं काम दुसऱ्याच्या हातानं करून घेतलं तरी ते आपलंच काम. मग आत्यानं यातून वाट काढली होती. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बल्ब उगाच जळतोय." भिंत फळ्यांची होती. पलीकडे सुलोचनाताई राहायच्या. दोन मिनिटांत त्या चपला काढून आत यायच्या, बल्ब बंद करायच्या आणि एक शब्द न बोलता परत जायच्या. आत्या त्यांच्याकडे बघायचीही नाही. बघितलं असतं तर ते सांगणं झालं असतं.

शुक्रवार हा आमच्याकडे धावपळीचा वार. बाबांच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची आणि शनिवारच्या बदल्यात ते रविवारी कामावर जायचे. साहेब म्हणे त्यांना विचारायचा, अरे, तू एका धर्माच्या वारी सुट्टी घेतोस, दुसऱ्याच्या वारी विश्रांती घेतोस, आणि तिसऱ्याच्या वारी कामाला येतोस, तू नक्की आहेस तरी कोण? बाबा हसायचे. त्यांच्या नखांत रंग कायम असायचा. शुक्रवारी दुपारी ते अर्धा तास बसून नारळाच्या शेंडीनं नखं घासायचे आणि तरी कडेला निळी रेघ उरायचीच. आई खोबरं वाटायची. पाट्यावर वरवंटा फिरल्याचा तो ओला, जड आवाज चाळीच्या त्या टोकापर्यंत जायचा आणि पाटीलकाका अंगणातूनच ओरडायचे की शनवार आला वाटतं. माशाचं कालवण, भात, मनुका भिजवून कुस्करून केलेलं सरबत, आणि काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल, त्यावर तरंगती वात. आई डोक्यावर पदर घेऊन दिवा लावायची, दोन्ही तळहात डोळ्यांवर धरायची आणि त्या क्षणी घर बंद पडायचं. मला तरी असंच वाटायचं. चालता पंखा कुणीतरी बंद करावा आणि पाती आणखी थोडा वेळ फिरत राहावीत, तशी मी दिवा लागल्यावर घरभर फिरत राहायचे.

कारण मला बसता येत नसे. आजही येत नाही. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून गॅस बघून आले आणि गॅस चालूच नव्हता. आई म्हणायची, मिल्काच्या पायांना भिंगरी आहे. शनिवारी सगळ्या चाळीत पोरी दोरीवरच्या उड्या मारायच्या, गॅलरीत रेडिओ लागायचा, कुणाकडे तरी शेवया वळत असायच्या, आणि मी उंबऱ्याच्या आत. कालचं कालवण सिगडीच्या राखेवर कोमट ठेवलेलं असायचं, ते खायचं, बाबांनी मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, आत्यानं आमेन म्हणायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत काय? विश्रांती. पंधरा वर्षांच्या मुलीला विश्रांती म्हणजे काय ते समजावून सांगणं अवघड असतं, कारण ती दमलेलीच नसते. मी एकदा आत्याला विचारलं की देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी हात झटकले, त्यात माझा काय संबंध? आत्या म्हणाली, देवाला थांबता आलं म्हणून तो देव. घाण्याच्या बैलाला थांबता येत नाही. मला राग आला, कारण बैल कोण ते तिनं सांगितलं नव्हतं आणि तरी मला कळलं होतं.

सुलोचनाताई आमच्या शेजारी आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, एक किटली आणि एक खुर्ची एवढंच होतं. त्या नगरकडच्या ख्रिस्ती, माहेरी आता कुणी नव्हतं. कोपरीतल्या एका बालवाडीत शिकवायच्या. तिशीच्या आतल्या, सावळ्या, नीटनेटक्या, आवाज गोड. चाळीत पहिल्याच आठवड्यात त्यांच्याबद्दल चर्चा सुरू झाली, कारण ही बाई दार लावत नसे. दिवसा नाहीच, रात्रीही नाही. दाराशी एक वीट आडवी ठेवायची आणि हातभर फट सोडून झोपायची. पावसाची झड आत आली तरी वीट तिथेच. पाटीलकाकांनी समजावून बघितलं, मिठागराकडून कुत्री येतात म्हणाले, चोरांची भीती घातली. त्या नुसत्या 'बरं' म्हणायच्या आणि रात्री फरशीवरून वीट ओढल्याचा आवाज आम्हाला फळ्यांतून ऐकू यायचा. तो आवाज आला की आत्या समजायची, शेजारीण झोपली.

आमच्या दोन घरांत एक करार होता, जो कुणीच कधी बोलून दाखवला नव्हता. शनिवारचं आमचं त्या करायच्या आणि रविवारचं त्यांचं मी. रविवारी त्या सकाळी चर्चला जायच्या, लहान मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे धर्माचे धडे, घ्यायच्या आणि आल्यावर कामाला हात लावायच्या नाहीत. मग त्यांचं पिंप भरायचं काम माझ्याकडे. मला तेवढाच पायांना विरंगुळा. पिंप भरून झालं की मी त्यांच्या उंबऱ्यावर बसायचे. त्या त्यांच्या एकुलत्या एका खुर्चीवर, दार सताड उघडं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत. मला ही विश्रांती आमच्यापेक्षा बरी वाटायची. मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं की तुमचं आणि आमचं शास्त्र अर्धं एकच, मग वार का बदललात? त्या हसल्या आणि म्हणाल्या, की थडग्याच्या तोंडावरची धोंड रविवारी सरकली होती. ज्या दिवशी आत कोंडलेला बाहेर आला, तो दिवस आम्ही पाळतो. मी विचारलं, पण शनिवार तर तुमच्या प्रभूनंही पाळला होता ना? हो, म्हणाल्या, आणि त्याच दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरंही केलं होतं, आणि लोक चिडले होते. मग अंगणाकडे बघत त्यांनी मला दार न लावण्यामागची गोष्ट सांगितली. त्यांचा नवरा आंबिवलीला शाळेत मास्तर होता, चर्चमध्ये उपदेश द्यायचा, दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं नाही. फक्त शाळेत जाताना तो बाहेरून कडी लावून कुलूप घालून जायचा. तीन वर्षं. शेजारणींना तो सांगायचा, माझी बायको फार घाबरट आहे. एके दिवशी कुलूप नीट बसलं नाही, कडी हलवून हलवून निघाली, आणि या ट्रंक घेऊन चालू लागल्या.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. पण फळ्यांच्या भिंतीला कान असतात आणि आत्याला तर चार होते. त्यानंतर एका शनिवारी बाबा शरणपुरांचा भाग वाचून दाखवत होते. चुकून कुणाच्या हातून माणूस मेला तर त्यानं पळून जाऊन जिथे सुरक्षित राहावं अशी गावं देवानं राखून ठेवायला सांगितली होती, आणि त्या गावांकडे जाणारे रस्तेसुद्धा नीट करून ठेवायला सांगितले होते. सुलोचनाताई सिगडीवरची राख सारखी करायला आल्या होत्या, त्या दाराशी थबकल्या. म्हणाल्या, दादा, चुकून का होईना ज्याच्या हातून खून झाला त्याला गाव आहे. ज्यानं काहीच केलं नाही त्यानं कुठं जायचं? बाबांनी बोट ओळीवर ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. बाबांना येत नसलेलं उत्तर ते देत नसत. आत्या वातीकडे बघत होती.

आता दारफाळणीबद्दल सांगायला हवं, कारण ते आता कुणाला माहीत नाही. आमच्यातल्या तरुण मुलांनासुद्धा नाही. नव्याच्या सणापासून, म्हणजे आमच्या नव्या वर्षापासून, दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपास येतो. कडकडीत, पाणीसुद्धा नाही. आज सगळे त्याला त्याच्या हिब्रू नावानं ओळखतात, पण आमचे जुने लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणायचे, दार बंद करण्याचा सण. आदल्या संध्याकाळी अंघोळ करून, पांढरे कपडे घालून दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही. मग त्याच्या पुढचा दिवस शिळा सण, त्या दिवशी दारं उघडी, भेटीगाठी, दानधर्म. शहरात आल्यावर आमचे लोक तो दिवस सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, काढू लागले आणि दार बंद करण्याचं कारण उरलं नाही. आत्या मात्र जुन्या लोकांसारखी सिनेगॉगला शेवटपर्यंत मशीदच म्हणायची आणि गुडघ्यांमुळे रेल्वेचा पूल चढून तिथवर जाऊ शकत नसल्यानं घरातच जुन्या रीतीनं दार लावून बसायची. आता मी ज्या इमारतीत राहते, तिथे चौदाव्या मजल्यावर चारही दारं बाराही महिने बंद असतात. खालचा वॉचमन फोन करून विचारल्याशिवाय माणूस वर सोडत नाही. इस्राएलमधल्या अश्दोदहून माझा मुलगा फोनवर म्हणतो, मम्मी, सेफ आहे ना तिथे? मी म्हणते, आहे रे बाबा, एकदम सेफ. रोजच दारफाळणी आहे. पण कुणी आपणहून दार लावून आत बसणं आणि दार बंद असणं यांत फरक आहे, तो त्याला फोनवर कसा सांगायचा?

त्या वर्षी दारफाळणी नेमकी शनिवारी आली. शब्बाथावर, म्हणजे विश्रांतीच्या वारावर, आणखी एक शब्बाथ. आई-बाबा सकाळीच पांढऱ्या कपड्यांत, चामडं चालत नाही म्हणून कॅनव्हासच्या चपला घालून पूल ओलांडून सिनेगॉगला गेले आणि रात्रीशिवाय येणार नव्हते. आत्याजवळ कुणीतरी हवं म्हणून मला ठेवलं. माझा पहिला पुरा उपास. पुढचं दार लावून आत्यानं कडी घातली, मागचं मोरीजवळचं दार लावलं, आणि आम्ही दोघी चटईवर बसलो. कपाटात नव्याच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा उरला होता, नारळाच्या दुधातला, जाड वड्या कापलेला, आणि तो मला कपाटाच्या दारातून दिसत होता असं मी शपथेवर सांगेन. मी उठले, बसले. खिडकीच्या फटीतून बघितलं. केसांची वेणी सोडली, घातली, पुन्हा सोडली. आत्या पुटपुटत होती ती थांबून म्हणाली, "पोरी, तुला कुणी बांधून ठेवलंय का?" मी म्हटलं, मग काय, कडी लावलीयच की. ती म्हणाली, "कडी कुणीकडून आहे ते बघ आधी." मला त्या वेळी हा म्हातारीचा वाद घालण्याचा प्रकार वाटला. मी तोंड फिरवून बसले.

दुपार कलायला लागली तेव्हा अंगणात अनोळखी चपलांचा आवाज आला आणि शेजारच्या उघड्या दारात थांबला. पुरुषाचा आवाज, हळू, स्वच्छ, एकेक शब्द पुसून ठेवावा तसा. सुलोचना, म्हणाला, कशी आहेस? मग खुर्ची सरकली, चटई झटकली गेली. बरोबर आणखी दोघे होते, चर्चचे वडीलधारे. फळ्यांतून सगळं ऐकू येत होतं. मास्तर म्हणत होते की झालं गेलं विसरलो, कुणाला दोष देत नाही, बायकोचं ठिकाण नवऱ्याचं घर, हे वडील साक्षीला आणले आहेत, संध्याकाळच्या गाडीनं निघू. ट्रंक मी उचलतो. वडीलधारे मध्ये मध्ये शास्त्राचा आधार देत होते. सुलोचनाताईंची किटली वाजली. शेवटी त्या म्हणाल्या, चहा टाकते, आणि मास्तर म्हणाले, हो, चहा घेऊनच निघू. ते 'निघू' ऐकून मी फिरवलेलं तोंड परत वळवलं. मी आत्याकडे बघितलं. या दिवशी बाहेरच्या माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही, दार उघडायचं नाही, हे तिनं जन्मभर पाळलं होतं. मागच्या वर्षी पाटीलकाकूंना साप चावल्याची ओरड झाली तेव्हासुद्धा ती भिंतीशी म्हणून काय ते बोलली होती, की औषधाची बाटली खिडकीत आहे.

आत्या उठली नाही, कारण तिला एकटीनं उठता येत नसे. ती बसल्या बसल्या हातांवर जोर देत फरशीवरून मागच्या दाराकडे सरकू लागली. पांढरं लुगडं मागे ओढलं जात होतं. मी धरायला गेले तर तिनं मला झटकलं. मागच्या भिंतीपलीकडे प्रत्येकाची पाण्याची पिंपं होती. झाकण उघडल्याचा आवाज आला, किटलीत पाणी पडायला लागलं, आणि मग पडायचं थांबलं. किटली भरली असेल, पण पावलं परत वळली नाहीत. ती बाई तिथे उभी होती, भरलेली किटली धरून. आत्यानं दाराची खाली असलेली कडी काढली, दार तसंच लोटलेलं राहू दिलं आणि भिंतीकडे तोंड करून, शनिवारी बल्बाचं सांगावं तितक्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "मागचं दार नुसतं लोटलंय." पलीकडे काहीच हललं नाही. माझ्या लक्षात आलं की सुलोचनाताईंना बंद घरात शिरायचं होतं, आणि ते त्यांना जमणारं नव्हतं. तीन वर्षं त्या ज्यातून निसटायला बघत होत्या तेच हे. आत्या थोडं थांबली आणि पुन्हा भिंतीला म्हणाली, "कडी आतून आहे. जो आत असेल त्याच्या हाताशी."

दार उघडलं, त्या आत आल्या, आणि कडी त्यांनीच लावली. आत येताना किटली उंबऱ्याला लागून थोडं पाणी बाहेर सांडलं होतं. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं नुसतं स्वतःच्या चटईचं टोक मोकळं करून दिलं.

पुढे काय झालं ते सांगायला थोडं आहे, पण घडायला फार वेळ लागला. आधी मास्तर मागे गेले, पिंप बघितलं, मागचं दार ढकललं. मग पुढे आले आणि दारावर टकटक केली, अगदी सभ्य, जशी मुख्याध्यापकांच्या खोलीवर करतात. आत सुलोचना आहे का, असं विचारलं. आम्ही तिघी श्वास धरून बसलो. एरवी आत्याला खोटं बोलावं लागलं असतं आणि ती मेली तरी खोटं बोलली नसती. त्या दिवशी तिला बोलायचंच नव्हतं. आज यांचा उपासाचा सण आहे, असं वडीलधाऱ्यांपैकी एकानं त्यांना सांगितलं. मास्तर दाराच्या फटीशी आले. त्यांचा आवाज इतका मऊ, इतका समजूतदार होता की माझे पाय आपोआप उठायला लागले. त्या आवाजाला ओ द्यावीशी वाटे. ते म्हणाले, "सुलोचना, परक्यांच्या सणात विघ्न आणू नकोस. तुझ्यासाठी ही लेकरं उपाशी बसलीत. चल, घरी जाऊ." सुलोचनाताईंनी गुडघ्यांत मान घातली होती. मी त्यांच्याकडे बघितलं, कडीकडे बघितलं, आणि खाली बसले. माझ्या आयुष्यात मी ठरवून बसले, ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात पाटीलकाका अंगणात आले. त्यांचे वाडवडील मिठागरावरचे, आमच्या लोकांची वस्ती त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. त्यांनी मागच्या बाजूला सांडलेलं पाणी बघितलं असेल की नाही, मला माहीत नाही. ते कधी बोलले नाहीत. मास्तरांना एवढंच म्हणाले, "त्यांचा दार आज उघरत नाय. माजे बापाशीचे वेलेपासून बगतंय. चांदन्या दिसल्याव उघरंल." मास्तर म्हणाले, मग आम्ही थांबतो. काका म्हणाले, थांबा की, गॅलरी काय आमची येकल्याची हाय? आणि स्वतःही खाट टाकून समोर बसले. सुलोचनाताईंची ती खुर्ची मास्तरांनी बाहेर आणली आणि आमच्या दारासमोर ठेवली. वडीलधारे तासाभरात कंटाळले. त्यांना लाजही वाटायला लागली असावी, कारण चाळीतल्या बायका एकेक करत गॅलरीत येऊन तांदूळ निवडायला बसल्या होत्या. ते दोघे निघून गेले. मास्तर राहिले.

ती संध्याकाळ येता येईना. सणाचं रक्षण होतं, पण सणाला शेवट होता, आणि तो शेवट बाहेर खुर्चीवर बसलेला होता. मला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं की आजचा दिवस लांबावा, सूर्यानं आणखी जरा रेंगाळावं. हलव्याची आठवण कुठल्या कुठे गेली. किटली आमच्या मध्ये होती, काठोकाठ नाही पण भरलेली, आणि सुलोचनाताईंचे ओठ सुकले होते. आत्या भिंतीला म्हणाली की उपास ज्याचा त्याला, पाण्याला कुणी नको म्हटलेलं नाही. सुलोचनाताईंनी किटलीला हात लावला नाही. आमच्याबरोबर त्या तशाच राहिल्या. कुणीतरी त्यांना शिकवलं असेल म्हणून नाही. मला वाटतं, त्या घरात त्या वेळी जे चाललं होतं त्यात त्यांना पुरतं सामील व्हायचं होतं.

उजेड गेला. खिडकीच्या फटीतून मी आकाश बघत होते आणि चांदणी दिसल्यावर मला ते सांगवेना. पण गॅलरीत पावलं वाजली, बरीच. आई-बाबा आले होते, आणि त्यांच्याबरोबर दरवर्षी उपास सोडण्याआधी आत्याच्या पाया पडायला येणारी दोन-तीन घरं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे दिवसभराचे उपाशी. बाबांनी दारावर थाप मारली. "अक्का, चांदण्या दिसल्या," म्हणाले. मग त्यांना खुर्चीवरचा माणूस दिसला असावा, कारण ते थांबले. मास्तरांचा आवाज आला, तसाच स्वच्छ, की माझी पत्नी आपल्या घरात आहे, कृपा करून दार उघडायला सांगा.

आत्यानं मान वळवली. शनिवार संपला होता. तिनं सुलोचनाताईंकडे, भिंतीकडे नाही, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं. म्हणाली, "सुलोचना, आमचा सण संपला. तुझा कधी संपवायचा ते तू ठरव. तू म्हणशील तेव्हा कडी निघेल. नाही म्हटलंस तर सकाळी."

हे बाहेरही ऐकू गेलं. मग बाबा उंबऱ्यावर बसल्याचं मला कळलं, कारण त्यांचे गुडघे नेहमीसारखे वाजले. ते मास्तरांना म्हणाले, तिला यायचं तेव्हा ती येईल. आई बसली. पांढऱ्या कपड्यातली ती सगळी माणसं, ज्यांच्या पोटात काल संध्याकाळपासून घोट नव्हता, गॅलरीभर आमच्या बंद दारासमोर बसली, आणि कुणी 'किती वेळ' असं विचारलं नाही. आज ती सगळी इस्राएलमध्ये किंवा मातीत आहेत. मला कधी कधी वाटतं, आमच्या लोकांनी हजारो वर्षं दिवस पाळले ते अशा एखाद्या वेळेसाठी अंगात सवय असावी म्हणून.

सुलोचनाताई उठल्या. पदर सारखा केला. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. दाराशी गेल्या, कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतः कडी काढली, पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याच्या आतच उभं राहून मास्तरांना म्हणाल्या, "मी येणार नाही."

मास्तर देवाबद्दल काहीतरी बोलले. देव जाब विचारेल, असं काहीतरी. कुणी त्यांना अडवलं नाही. पाटीलकाकांनी खाट उचलून कडेला केली, म्हणजे वाट मोकळी झाली. मास्तरांनी खुर्ची उचलली, ती पुन्हा शेजारच्या खोलीत नेऊन जागच्या जागी नीट ठेवली, आणि गेले. त्या नीट ठेवलेल्या खुर्चीचा मला आजही संताप येतो.

मग आई आत आली आणि एकदम सगळ्यांना भूक लागली. सरबत, हलवा, आणि चहा. चहा त्याच किटलीतल्या पाण्याचा झाला. मास्तर ज्याची वाट बघत बसले होते तो चहा आम्ही बशीत ओतून फुंकर मारून प्यायलो. त्यासाठी सुलोचनाताईंनीच स्टोव्ह पेटवला, तेव्हा आत्या म्हणाली, आज तुला पेटवायची गरज नव्हती गं, मीसुद्धा पेटवला असता. लोक पाया पडून गेले. भांडी घासून झाली. सुलोचनाताई रिकामी किटली घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि आम्ही अंथरुणं घातली.

मी आडवी पडून फरशीवरून वीट ओढल्याच्या आवाजाची वाट बघत होते. वीट काही ओढली गेली नाही. मग पलीकडे दार लागलं, आणि कडी घातल्याचा आवाज आला.

आत्या जागीच होती. शनिवार कधीचाच संपला होता, तरी ती भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "लागली एकदाची."

आजवर त्या भिंतीनं कधी उत्तर दिलं नव्हतं.

"आतून लावलीय, आत्याबाई," सुलोचनाताई म्हणाल्या.